एकविसावं पाकीट

प्रिय क्रांती,

तू सांगितलेल्या त्या चाचणीचा खर्च आधी सांगतो. पाकिटं दुकानातलीच होती आणि चहा रोजचाच. खरा खर्च पुढं झाला. आप्पासो चार दिवस गॅरेजकडे फिरकला नाही, आणि तुझी आई माझ्याशी जे काही बोलायचं ते शेजारच्या साळूबाईमार्फत बोलत होती. "त्यास्नी म्हणावं, ताट वाढलंय." मी समोरच पाटावर बसलेलो.

फोन करता आला असता. पण आपल्या घरात फोनवरचं बोलणं स्वयंपाकघरात जातं, आणि हे तिथं जायला नको आहे.

आप्पासोनं यशराजच्या पत्रिकेशी तुझी पत्रिका जुळवली आणि छत्तीसपैकी नऊच गुण आले, तेव्हापासून आई अडून बसली ते तुला माहीतच आहे. नऊ गुणांवर लेक द्यायची कशी, हा तिचा एकच प्रश्न. आणि तिच्याकडे पुरावा होता: आम्ही दोघं. लग्नाआधी इस्लामपूरच्या जोशांनी आमचे बत्तीस गुण काढले होते. इतकी वर्षं हा आकडा मी पाहुण्यांपुढं ऐकत आलोय. घरात सगळं गोडीत असलं की बत्तीस गुण जुळल्यामुळं, आणि भांडण झालं तरी बत्तीस जुळले म्हणून निभावलं. खोटं कशाला बोलू, मीही गिऱ्हाइकांपुढं मिरवायचो, आमचं बत्तीस गुणांचं इंजिन आहे, आजवर खोलायची वेळ आली नाही.

तू साताऱ्याहून म्हणालीस की आईच्या मनाविरुद्ध काही करणार नाही. यशराजच्या घरचे किती दिवस थांबणार? त्यांनी दुसरीकडे बघायला सुरुवात केली हे तू मला सांगितलं नाहीस. पण आयुष्यभर ट्रॅक्टरची इंजिनं ऐकली आहेत मी. मोकळं फिरणारं कुठलं आणि भरलेली ट्रॉली चढाला ओढणारं कुठलं, हे लांबून कळतं. "मी बरी आहे, आबा," हे तू चढाला म्हणत होतीस.

म्हणून मी आप्पासोला छेडलं, नुसत्या पत्रिका बघून कुठलं लग्न टिकलं आणि कुठलं मोडलं ते सांगून दाखव. तुला वाटलं होतं तो चिडेल. तो फौजेतून सुभेदार होऊन घरी आलेला माणूस, पत्रिका बघायचे पैसे कधी घेत नाही, त्याचा त्यावर जीव आहे. म्हणाला, "लाव टार्गेट. लपून गोळी मारणारा मी न्हवं." वीस जोड्यांपैकी अठरा तरी बरोबर सांगीन, असं त्याने चारचौघांत सांगितलं. तुझे नियम त्याला वाचून दाखवले. नावं नकोत, फक्त जन्माची तारीख, वेळ आणि गाव. दहा जोड्या सुखानं नांदणाऱ्या, दहा मोडलेल्या, आणि कुठलं पाकीट कुणाचं हे फक्त आपल्या गॅरेजच्या दुकानातल्या पूजाला ठाऊक. तो पाकिटं बघत असताना मी खोलीत थांबायचं नाही, हा नियम त्यालाच सगळ्यात जास्त पटला. म्हणाला, "बरं झालं, तुझं तोंड लय बोलतंय."

जोड्या गोळा करताना गंमत झाली. नांदणारे लोक पत्रिका द्यायला कचरत होते, उगाच काही निघालं तर काय घ्या. मोडलेल्यांनी मात्र आनंदानं दिल्या. साळूबाईची भाची नवऱ्याला सोडून आलेली, तिनं कागद हातात ठेवला आणि म्हणाली, "घ्या काका, एकदा तरी ह्याचा उपेग हुं दे." अडचण आली ती तारखांची. आमच्या वयाच्या निम्म्या पलूस गावाचा जन्म एक जूनचा! शाळेत नाव घालताना आईबापाला तारीख सांगता यायची नाही, मग गुरुजी सरळ एक जून ठोकून द्यायचे. खरोखर त्या दिवशी एवढी पोरं झाली असती तर सुईणींना पाणी प्यायला सवड मिळाली नसती. तू म्हणालीस, एक जूनवाले सगळे बाद, दवाखान्यात जन्मलेलेच घ्या. आप्पासोलाही पटलं. चुकीच्या तारखेवर काढलेली पत्रिका म्हणजे दुसऱ्याच माणसाची पत्रिका, असं तोच म्हणाला.

वीस पाकिटं झाली, आणि तुझ्या आईनं एकविसावं आणून ठेवलं. आमचं. वर कुंकवाचं बोट लावलेलं. "हे बी घाला. मग बघू द्या तुमच्या लेकीला." नावं नकोत म्हणून एवढी मरमर केलेली आणि हे पाकीट खोलीच्या दुसऱ्या टोकावरून ओळखू येत होतं. तरी मी ते गठ्ठ्यात ठेवलं. तेव्हा तिला नको म्हणणं माझ्याच्यानं झालं नाही.

निकाल फोनवर सांगितलाच आहे. विसात दहा. पूजाने त्याच पाकिटांवर नाणं उडवलं होतं, त्याचे अकरा आले. आप्पासो बराच वेळ कागद उलटेपालटे करत बसला. मग म्हणाला, "एकदा नेम चुकला म्हंजी बंदूक वाईट न्हाई." मी म्हटलं, मान्य. एका चाचणीनं एवढं मोठं काही पडत नाही, क्रांतीही तेच म्हणते. अजून शंभर जोड्या आण, पुन्हा लावू टार्गेट. पण तोवर ह्याच बंदुकीनं माझ्या पोरीचं लग्न पाडायचं नाही. त्यावर तो चहा न घेता उठला.

तो उठत असताना तुझ्या आईनं दारातून विचारलं, "आन आमचं?" कुंकवाचं पाकीट त्यानं बाजूला काढून ठेवलेलं होतं. हरला तरी नियम मोडणारा माणूस नाही तो. म्हणाला, "वैनी, त्ये बाद हाय." का, ते सांगितलं नाही. तिनं पाकीट उचललं, उघडून पाहिलं आणि आत गेली. नंतर भांड्यांचा आवाज आला नाही. आदळआपट झाली असती तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतरचे दिवस वर लिहिले तसे गेले. मग काल आप्पासो आला, क्लचचं निमित्त काढून, आणि नेहमीसारखा पायरीवर बसला. आणि संध्याकाळी भाकरी थापताना तुझी आई साळूबाईला न बोलावता थेट माझ्याशी बोलली. "तुमच्या आईनं कवा सांगितलं हुतं का, तुमी कवा झाला त्ये?" मी सांगितलं. तिनं हातातली भाकरी तव्यावर टाकली, उलटली, फुगेपर्यंत थांबली. मग म्हणाली, "त्या पोराला तिखट चालतं का, इचारा तिला."

तर हे पत्र त्यासाठी. येत्या रविवारी यशराजला आणि त्याच्या आईवडिलांना घेऊन ये. तिखटाचं तेवढं कळव. तिच्या तोंडून 'हो' वदवून घ्यायला जाऊ नकोस, आणि चाचणीचा विषय तर अजिबात काढू नकोस. जेवणं झाली की ती पाहुण्यांना आमच्या बत्तीस गुणांचं सांगेल, ते तिला सांगू दे. मी मान हलवणार आहे, तूही हलव. तिचं एवढं मोठं मन झालंय, ते कशावर पाय देऊन झालंय हे फक्त तुला ठाऊक असावं. इस्लामपूरच्या जोशांपुढं माझ्या वडिलांनी माझा शाळेचा दाखला ठेवला होता. त्यावर तारीख एक जून आहे. आणि तुझी आजी अंबूबाई सांगायची, मी झालो तेव्हा कारखान्याला ऊस चालला होता आणि दारात शेकोटी पेटलेली होती.

तुझाच,
आबा