शनिवारची सकाळ

प्रिय धाकट्या,

तुझा तीन दिवसांचा बेत मिळाला. दोनदा वाचला. मग दुकानातला चष्मा लावून पुन्हा वाचला, म्हटलं माझ्याच डोळ्यांत काही बिघाड असेल. नव्हता. गुरुवारी सकाळी उतरणार, शनिवारी रात्री उडणार, आणि मधल्या वेळात वस्तुसंग्रहालय, मनोरा, तळ्यातली नाव, प्राणिसंग्रहालय, जुना बाजार, तारांगण, टेकडीवरची बाग, आणि नदीवरचा पूल, तोही ‘ऊन उतरायच्या आत’! अरे, बायकोमुलांना घेऊन येतो आहेस की टपाल वाटायला? सहा वर्षांनी येतोयस, आणि घराच्या वाट्याला काय, तर शुक्रवारी दुपारी ‘ताईकडे जेवण व आराम’. आराम कसला करणार, डोंबलाचा? जिना चढून धाप खाली बसते न बसते तोच तुमची उठायची वेळ झालेली असेल.

बरं, जी ठिकाणं लिहिली आहेस ती अजून जागेवर आहेत का, हे तरी विचारायचंस! वस्तुसंग्रहालयातल्या देवमाशाच्या सांगाड्याचं दालन बंद आहे, छत गळायला लागलं म्हणून. मनोऱ्याची लिफ्ट चालू असते तेव्हा वीज नसते आणि वीज असते तेव्हा लिफ्टवाला नसतो. आणि मुलांना जे अस्वल दाखवायचं म्हणतोस, ते तू अर्ध्या चड्डीत होतास तेव्हाच म्हातारं होतं रे! ते अजून तुझी वाट बघत बसलं असेल असं वाटलं तरी कसं तुला? फोनवर मी हेच सांगायला गेले तर म्हणालास, “ताई, एकदाचं सगळं बघून घेऊ. परत कशाला येणं होतंय इकडे?” फोन ठेवल्यावर हे वाक्य माझ्या कानातून जाईना. भांडी घासताना तेच, गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्म्याची दांडी बसवतानाही तेच.

शेवटी वैतागून तुझा बेत मी शहरदर्शनच्या बसवाल्यांना दाखवला. आमच्या दुकानातून चष्मा नेतात ते. पहिल्यांदा आले तेव्हा लांबच्या पाट्या धडाधड वाचल्या आणि हातातलं तिकीट काही वाचता येईना. वर मलाच म्हणाले, “छपाई वाईट आहे हो हल्ली.” तर त्यांनी तुझा कागद वर-खाली पाहिला आणि विचारलं, “तुमच्या भावाला शहर बघायचंय की उरकायचंय?” मला रागच आला. माझ्या भावाला मी वाट्टेल ते बोलेन, दुसऱ्यानं का बोलावं? तसं मी तोंडावर सांगितलं. तेही वरमले. मग चहा घेताना म्हणाले, शुक्रवारी सगळ्यांना माझ्या बसमध्ये बसवा. पूल, तळं, बाग, बाजार एका दिवसात निवांत होतं, मुलांना वरच्या मजल्यावर पुढची जागा देतो. मनोरा खालूनच बघायचा, तो तसाच जास्त बरा दिसतो. पटलं मला. तुलाही पटेल, नाही पटलं तरी तसंच करायचं आहे.

त्या बसमधून आईसुद्धा जाऊन आली होती. ‘आईला फिरवून आणलं’ एवढंच मी तुला तेव्हा कळवलं होतं. कुणी फिरवलं, ते तू विचारलं नाहीस आणि मीही सांगितलं नाही. जन्म या शहरात गेला तिचा, पण शिलाईच्या मशीनवरून मान वर केली तर समोरच्या घराची गच्ची, एवढंच तिचं शहर. शेवटच्या वर्षी तर तीन मजले उतरणंही सरलं. बसवाल्यांनी सुट्टीच्या दिवशी, शेजारच्या सुताराला हाताशी धरून, खुर्चीसकट तिला खाली नेलं. बसमध्ये स्वतःच्या मागच्याच जागेवर बसवलं. तो ध्वनिमुद्रित बाईचा आवाज बंद केला आणि प्रत्येक थांब्यावर गाडी बाजूला घेऊन, मान वळवून स्वतः तिला सांगत राहिले. आई कुठेही उतरली नाही. पुलावर आल्यावर मात्र काच उघडायला लावली आणि म्हणाली, “एवढं पाणी होतं होय इथे! आणि आम्ही नळाला भांडत बसलो.” बसमधले सगळे हसले. घरी आल्यावर मला हळूच म्हणाली, “हा माणूस गाडी सावकाश चालवतो.” आईच्या तोंडून एवढं ऐकायला आपल्या बाबांनाही वीस वर्षं लागली होती, तुला ठाऊकच आहे.

ती गेली तेव्हा तुला वेळेत पोचता आलं नाही. त्यावरून मी तुला कधी बोलले नाही, आजही बोलत नाही. फक्त सांगते, की त्या दिवशी मी दवाखान्यात एकटी नव्हते.

आता तुमच्या दुसऱ्या बेताबद्दल. ‘पासपोर्ट तयार ठेव’ हे तू प्रत्येक फोनला म्हणतोस. तुझ्या बायकोनं माझ्यासाठी केलेल्या खोलीचे फोटो पाठवले, थोरलीनं दारावर ‘आत्याची खोली’ असं रंगवलं आहे, तेही पाहिलं. ते पाहून रडू आलं, खोटं कशाला सांगू. आणि मग इतकी चिडले की विचारू नकोस. भिंतीला रंग दिलात, पडदे लावलेत, गादी आणलीत, फक्त मला विचारायचं तेवढं राहिलं! एकटी बाई म्हणजे काय मागे विसरलेली पेटी आहे, येऊन उचलली आणि नेली? मी हो म्हटलं नव्हतं, बाबा. नाहीही म्हटलं नव्हतं, हे कबूल. कारण नाही म्हटलं की तू ‘का’ विचारणार, आणि ते ‘का’ फोनवर माझ्या तोंडून निघेना.

तर ताकाला जाऊन भांडं लपवणं पुरे झालं. पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं आणि अस्वल-मनोऱ्यांत भटकत बसले. मी तुमच्याबरोबर येत नाही. शनिवारी सकाळी अकरा वाजता मी आणि बसवाले नोंदणी कार्यालयात लग्न करतो आहोत. या वयात, हो. हसायचं असेल तर आताच हसून घे, चिडायचं असेल तर विमानात चीड, उतरेपर्यंत शांत हो. तारीख तुझ्या येण्याकडे बघूनच धरली आहे. साक्षीदार म्हणून त्यांच्याकडून त्यांची बहीण आणि मेहुणे सही करणार आहेत, माझ्याकडून सही करायला तुझ्याशिवाय कुणी नाही. तू आला नाहीस तर शेजारच्या सुताराला बोलावीन, लग्न काही अडणार नाही. पण मला तो सुतार नको आहे रे. तू ये.

तुझीच, चिडलेली आणि थोडी घाबरलेली,
ताई