भेदासुराची भूमिका

९ जून १९९७, सोमवार
वरून सर्क्युलर आलं. प्रत्येक शाळेने ‘समान वागणूक व मुक्त संवाद समिती’ नेमायची. हेडमास्तर आप्पाजी सरांनी स्टाफरूममध्ये विचारलं, कोण घेतं? सगळे आपापल्या कॉफीत बघायला लागले. माझा कप रिकामा होता, त्यामुळे मी सापडलो. अध्यक्ष मी. सभासद कोणी नाही. एका परीने बरं, मतभेद होणार नाहीत.
घरी बायकोला, क्षमाला सांगितलं. ती बरं म्हणाली.
संकल्प: रोज पहाटे पाचला उठून अर्धा तास समतेवर चिंतन.

१० जून
जाग आली नाही. चिंतन आंघोळीत केलं. पाणी गार होतं, म्हणून थोडक्यात.

१६ जून
सातवी ब मध्ये नवीन मुलगी, गिरिजा सिद्दी. वडील परशुराम, सरकारी जीपवर ड्रायव्हर, कारवारकडच्या हल्याळहून इथे बेंगळूरला बदलून आलेत. हे सिद्दी लोक शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आणलेले. रंग काळाभोर, केस अगदी कुरळे. घरी मात्र आपल्यासारखंच मराठी, जरा कोंकणी वळणाचं. मला आनंद झाला. समितीला काम मिळालं.
वडिलांना मूळ गाव विचारलं. हल्याळ म्हणाले. त्याच्या आधी? हल्याळच. त्याच्याही आधीचं विचारलं, तर पंख्याकडे बघत बसले. संकोची स्वभाव.
मग हळूच म्हणाले, पोरीने दोन शाळा सोडल्या. मुलं नावं ठेवतात. इथेही तेच झालं तर तिला आजीकडे गावी धाडीन. तिकडे शाळा पाचवीपर्यंतच आहे, म्हणजे शिक्षण संपलंच. मी म्हटलं, निश्चिंत राहा, जबाबदारी माझी. त्यांनी हात जोडले. मला कोणी हात जोडलेले आवडत नाहीत, पण थांबवलं नाही.

१७ जून
शांतम्मा टीचरनी आज पुन्हा विचारलं, बिंदुमाधव राव, तुमचं नेटिव पुणं ना? आमचं घराणं साडेतीनशे वर्षं इथे आहे. माझ्या पणजोबांनी पुणं पाहिलं नव्हतं. मी एकदाच पाहिलं, लग्नाला गेलो होतो तेव्हा, आणि तिथे सगळे मला बेंगळूरवाले म्हणत होते. आणखी किती वर्षं राहिलं म्हणजे हा प्रश्न बंद होतो? दिवसभर डोकं दुखलं.

२ जुलै
मुलं येता-जाता गिरिजाच्या केसांना हात लावतात, अशी तक्रार. बंदी घातली की कुतूहल वाढतं, हे साधं मानसशास्त्र आहे. म्हणून आज पहिला मुक्त संवाद तास घेतला. गिरिजाला पुढे उभं केलं. प्रत्येकाने रांगेने यायचं, केसांना एकदाच हात लावायचा, एक प्रश्न विचारायचा आणि जागेवर जायचं. अठ्ठेचाळीस मुलं, बत्तीस मिनिटं. शिस्त अप्रतिम. गिरिजा हललीसुद्धा नाही. शेवटी समतेच्या तत्त्वानुसार तिलाही विचारलं, तुला काही विचारायचंय? बेल कधी होणार, म्हणाली.
कुतूहल शमलं. विषय संपला. तसा रिपोर्ट पाठवला.

३ जुलै
संपला नाही. आज पाचवीची मुलं येऊन विचारत होती, रांग कुठे आहे.

५ सप्टेंबर
शिक्षकदिन. मानपत्र पीटीच्या नंदू सरांना. त्यांची कसली समिती नाही, नुसती शिट्टी आहे. गिरिजा संध्याकाळी त्यांच्या मैदानावर थांबते म्हणे. खेळत नाही, खो-खोचा स्कोअर लिहिते आणि हसते वगैरे. मैदानावर हसायला काय जातं. वर्गात हसवून दाखवा म्हणावं.
संकल्प: मनात किल्मिष ठेवायचं नाही. नंदूशी आठ दिवस बोलायचं नाही.

३ नोव्हेंबर
वीस डिसेंबरला वार्षिकोत्सव. समितीतर्फे नाटक मी स्वतः लिहिलं. माणसामाणसांत फूट पाडणारा भेदासुर नावाचा राक्षस, आणि शेवटी सर्व जातिधर्मांची मुलं एक होऊन त्याला पुठ्ठ्याच्या गदांनी ठार मारतात. लिहून झाल्यावर मीच दोनदा मोठ्याने वाचून काढलं.
भेदासुराची भूमिका गिरिजाला दिली. मुख्य भूमिका! नव्या मुलीला इतकी मोठी संधी या शाळेत कोणी दिली नव्हती. शिवाय मेकअप नको, विग नको. आप्पाजी सरांनी यादी पुन्हा पहिल्यापासून वाचली. मग म्हणाले, स्वल्प, जरा विचार करा राव. मी म्हटलं, विचार करूनच दिली आहे सर.

१७ नोव्हेंबर
तालमी जोरात. मारण्याच्या प्रसंगात मुलं फार मनापासून काम करतात. गिरिजाचं कोपर सोलवटलं. तालमीबाहेरही तिला भेदासुर म्हणूनच हाक मारतात, असं कळलं. ताबडतोब कारवाई केली. तिन्ही बोर्डांवर नोटीस: ‘सातवी ब मधील गिरिजा सिद्दी हिला कोणीही भेदासुर म्हणू नये.’

१९ नोव्हेंबर
ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही कळलं. नोटीस आपल्या जागी बरोबरच होती. मुलं जरा जास्तच वाचतात.

२६ नोव्हेंबर
मुलांनी तक्रारी टाकायची समितीची मनमोकळी पेटी उघडली. चिठ्ठीवर नाव घालायचं नाही, असा माझाच नियम. अकरा चिठ्ठ्या. नऊ संडासाबद्दल. एक माझ्याबद्दल, ती फाडली. एकीत लिहिलं होतं, मला राक्षस व्हायचं नाही, नाटकात काहीच नसलं तरी चालेल.
नाव नसलं तरी सातवीचं अक्षर मी ओळखणार नाही? वर्गात गिरिजाला उभं केलं, चिठ्ठी परत दिली आणि सर्वांसमोर प्रेमाने समजावलं की स्टेजची भीती थोरामोठ्यांनाही वाटते. मुक्त संवाद म्हणतात तो हाच. ती रडली नाही. चिठ्ठीची घडी घातली आणि खाली बसली. मला वाटलं होतं, आपल्याला काहीतरी वाटेल. काही वाटलं नाही. बीपीची गोळी बदलल्यापासून असं होतं.

१ डिसेंबर
गिरिजा तीन दिवस गैरहजर. तिच्या जागी स्टूल ठेवून तालीम घेतली. मुलांनी स्टुलाला मारलं. पाय निघाला.

४ डिसेंबर
परशुराम सिद्दी शाळा सोडल्याचा दाखला, टीसी मागायला आले. खुर्ची दिली, बसले नाहीत. मी म्हटलं, मुख्य भूमिका आहे, मोठे पाहुणे येणार आहेत, पंधरा दिवस तरी थांबा. ते म्हणाले, सर, तुमी वाईट नाय, मला ठाव हाय, पन पोर आता आयेला केस विंचरू देत नाय. दुसरी शाळा बघितलीत का, विचारलं. आता शाळा नाय म्हणाले, आजीकडे धाडतोय. टीसीवर कारण काय लिहू विचारलं, तर म्हणाले, तुमीच लिवा, तुमाला लिवता येतं.
‘पालकांच्या इच्छेनुसार’ असं लिहिलं. वर्तणूक: उत्तम. खाली सही केली. सही नेहमीसारखीच आली.
घरी क्षमाला सगळं सांगितलं. तिने ताट वाढलं आणि विचारलं, मुलगी अभ्यासात कशी होती हो? मी म्हटलं, वर्तणूक उत्तम.

९ डिसेंबर
नाटकाला अकरा दिवस उरले. भेदासुर हवा. वर्गात विचारलं, कोण होतं? एकही हात वर आला नाही. म्हणून संध्याकाळी पालकांकडे निघालो. प्रणीतची आई म्हणाली, बेडा सर, नको, त्याला मग वर्षभर चिडवतील. श्वेताच्या वडिलांनी कॉफी दिली आणि म्हणाले, पोरीला तोंड काळं करून चारचौघांत उभी करायची आणि वर मार खायला लावायचा? अशी सात घरं झाली. सातही ठिकाणी नम्रपणे नकार. मीही सातही ठिकाणी सरी म्हटलं, हरकत नाही, शेवटी तुमची इच्छा, आणि उठलो.
आठव्या घराच्या फाटकाशी उभा होतो. तेव्हा लक्षात आलं, सात घरी मी विचारायला गेलो होतो. गिरिजाच्या घरी कधी गेलो नाही. तिलाही विचारलं नव्हतं. यादीत नुसतं नाव लिहिलं होतं.
फाटक न उघडता परत आलो. नाटक रद्द.

१० डिसेंबर
समितीचा वार्षिक फॉर्म आज भरून द्यायचा होता. शेवटचा रकाना, शिल्लक तक्रारी. बराच वेळ पेन धरून बसलो. शेवटी शून्य लिहिलं. खरंच आता एकही नाही.