खाली बसलेलं औषध

आये,

ओढ्याचं पाणी गढूळ झालं की तू निवळीची बी हंड्याच्या आतून घासायचीस आणि मग हंड्याला कुणाला हात लावू द्यायची नाहीस. सकाळी वरचं नितळ पाणी घ्यायचं, खालचा गाळ ओतून टाकायचा. आमच्या दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरांनी परवा त्याचं कारण सांगितलं. मातीचे कण इतके बारीक असतात की बुडत नाहीत. सगळ्यांवर एकाच जातीची वीज, म्हणून एकमेकांना लोटत तरंगत राहतात. निवळीने ते एकत्र येतात, जड होतात, तळाला बसतात. "तुमच्या आईला हे ठाऊक होतं म्हणायचं," डॉक्टर हसले. मला हसता आलं नाही.

जुलाबाने बेजार होऊन तू पोलादपूरच्या वरच्या वाडीतून चालत महाडला आलीस, तेव्हा मी नवा कंपाउंडर होतो. खडूची पूड डिंकाच्या पाण्यात खलून मीच औषध केलं. डिंक प्रत्येक कणाभोवती बसतो, म्हणून पुडीच्या गुठळ्या होत नाहीत. पण ती विरघळतही नाही, हळूहळू खाली उतरते. बाटली हलवूनच प्यायची. खिडकीतून तू विचारलंस, "कसं घ्यायचं रे ह्ये?" तुझ्यामागे वकिलांच्या घरची माणसं उभी होती. मी म्हणालो, "चिठ्ठीवर लिहिलंय, बाई."

चौथ्या दिवशी घरी आलो, तर तू अंथरुणावर. औषध घेतलंस का, विचारलं.

"घेतलं की. चांगलं निवळून घेतलं. वरचं नितळ तेवढं प्याले, खाली पांढरा गाळ व्हता तो टाकला. बाटली घासून ठेवली हाय बघ."

"येडी हायस का गो? खालचंच औषध होतं!"

तू माझ्याकडे बघतेस. पदर तोंडाशी नेतेस. "मला काय ठावं रे. चुकलंच माझं."

दुसऱ्या दिवशी तू गेलीस. दहाव्याला आलेल्यांना मी सांगितलं, तिनं औषध टाकून दिलं. खोटं नव्हतं. भावकीत अजून म्हणतात, म्हातारी हट्टी होती, आणि मी गप्प बसतो. डॉक्टर म्हणतात, त्या औषधाने तू वाचलीच असतीस असं नाही. रोज देवापुढे बसतो, तुझं नाव घेतो. एवढं मात्र त्यालाही सांगितलेलं नाही.

हे पत्र घडी करून पोथीत ठेवीन. तुला अक्षर येत नाही, हे मला त्या दिवशीही माहीत होतं. बाई म्हणालो ते मागच्या माणसांना ऐकू जावं म्हणून. तू बाटली पदराखाली धरून निघालीस, आणि मला हायसं वाटलं.