माझ्या वाटणीची राई

हे लिहायचं मी पावसाळ्यापासून टाळतोय. आता टळत नाही. उद्या मला पवनचक्कीच्या पात्यातली चीर बुजवायला दोरावर लटकायचंय, आणि गेल्या आठवड्यात माझा जोडीदार तिथूनच पडला. जीव वाचला, पण पाय गेले.

तरी मी, पूर्ण शुद्धीत असलेला, कुणाच्या धाकात नसलेला, शाळा अर्धवट सोडलेला अविवाहित इसम, राजीखुशीने लिहून ठेवतो की:

एक. मी पडलो तर माझा दोर कुणालाच देऊ नये, कापून टाकावा. माणूस पडलेला दोर कापायचाच असतो. आमचा मुकादम तो धुऊन पुन्हा वापरायला देतो. मुकादमाला माझ्याकडून काही नाही. शिव्यासुद्धा नाहीत.

दोन. सायकल खानावळवाल्या मावशींना. ब्रेक लागत नाही. तिच्यावरून मी एकदा पार समुद्रापर्यंत गेलो होतो, वाटेत एका सर्कशीत... असो.

तीन. बाबांनी लावलेल्या झाडांच्या राईतला माझा अर्धा हिस्सा. बाबांची वीटभट्टी आता दादा चालवतो. धुरावर कर बसला तसा कोळसा परवडेना. कर बसला ते योग्यच. आई त्याच धुरात खोकून गेली. पण लाकूड पुन्हा उगवतं म्हणे, म्हणून त्याच्या धुरावर कर नाही. म्हणून दादाने आपल्या हिश्शाची झाडं भट्टीत घातली, आणि त्या विटांवर सरकारी शिक्का बसला: 'हरित'! मी भांडलो तर म्हणाला, "मग काय हाडं जाळू? तुझं बरंय, वाऱ्यावर पोट भरतोस!"

मी गेलो तर माझीही झाडं त्याच वाटेने जातील. म्हणून हा हिस्सा मी वहिनींना देतो. अट एकच, एकही झाड भट्टीत जाऊ नये. भट्टी विझली तर त्यांच्याच चुलीची पंचाईत होईल, हे कळतं मला. काल फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, "भावजी, झाडं मला देताय, मग तुमच्या दादाला कुणाच्या गळ्यात बांधू?" वहिनी, माफ करा. अट राहू द्या.

ठिकाण: पवनचक्की कामगारांची वसाहत, जिन्याजवळची खोली
दिनांक: १९ नोव्हेंबर
साक्षीदार: १. खानावळवाल्या मावशी (सही झाली)
२. शेजारचा वायरमन (सही झाली)
लिहून देणार:

माझी सही राहिलीय. खालून मावशी हाका मारतायत, दादा आलाय म्हणे. इथे कधी पाऊल न टाकलेला दादा. वहिनींनी सांगितलं असणार. राईचं नावही न काढता तो जिन्यातूनच ओरडतोय, "आधी सांग, उद्या वर चढणार नाहीस ना?"