हाडांची जेली

हडपसर, पुणे
९ सप्टेंबर १९९८

तीर्थरूप आईच्या चरणी दीपमालाचा नमस्कार.

मी बरी आहे, डबा वेळेवर येतो. पण आज लॅबमध्ये जे कळलं, ते तुला लगेच सांगायलाच हवं.

जंतू वाढवायला आम्ही काचेच्या बशीत अगार नावाची जेली ओततो. मी मॅडमना सहज विचारलं, ही कसल्या हाडांची? त्या हसल्या. "हाडं कसली? समुद्री शेवाळातून काढतात. वाण्याकडे चायना ग्रास मिळतं ना, ते हेच."

आई, चायना ग्रास! शेजारच्या कुंदाकाकूंनी एकादशीला मला त्याचीच वडी दिली होती. हाडांची जेली चारून पोरीचा उपास बाटवला म्हणून तू अंगणात भांडलीस आणि बारा वर्षं बोलणं टाकलंस. त्या बिचाऱ्या "अहो, गवत आहे ते" एवढंच म्हणत राहिल्या.

मी अगारच्या डब्यावरचं लेबल तीनदा वाचलं. शेवाळच आहे, आई.

बाबांचा खोकला थांबला का?

काकूंना आता दिसत नाही, असं तू लिहिलं होतंस. हे पत्र मिळताच त्यांच्याकडे जा. नुसतं "मी आलेय" म्हणू नकोस, नाव सांग. त्यांना तुझा भांडतानाचाच आवाज आठवत असेल.

तुझी,
दीपमाला