जमिनीवर बसणारा गॅस

आबा,

सुरतेच्या मिलमध्ये कापडावरची लव जाळणारं ते मशीन तुमच्या हाताखाली होतं, आणि तुमचा आमच्यापेक्षा त्याच्यावरच जास्त जीव आहे, असं आई चिडवायची. कापड ज्योतीवरून झरझर निघून जायचं, लव जळायची, कापडाला धक्का नाही. त्या ज्योतीला गॅस मिळायचा तो मिलच्याच आवारातल्या कोळशाच्या भट्टीतून. सणाला भट्टी विझवली की गॅस संपला, मग कुणाला कसली काळजी! रोज पाळी सुरू करण्याआधी तुम्ही मशीनच्या पायाशी तेलाचा दिवा लावायचात आणि हात जोडायचात. आपल्या खानदेशाकडून आलेले सगळेच तसं करत.

मग शेठनी भट्टी मोडून सिलिंडर आणले. गुजराती मिस्त्री आला, त्याने बर्नरची जुनी तोंडं काढून बारीक भोकांची बसवली, सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहिलं. गळलाच तर हा गॅस जातो कुठे, असं तुम्ही त्याला विचारलंत. तो म्हणाला, "काका, आ गॅस भारे छे. नीचे बेसे." जुना गॅस हलका, छपराच्या झरोक्यांतून वर निघून जायचा. हा मात्र पाण्यासारखा जमिनीवर साचणार. हे सगळं तुम्ही आम्हाला जेवताना सांगितलंत, आणि ताटातली भाकरी तशीच राहिली. शेवटी म्हणालात, "सकायपासून मशीनजोडे दिवा बंद."

तुम्ही भिंतीला अगदी जमिनीलगत झरोका पाडून घेतलात, बिड्या बाहेर ठेवायला लावल्यात. माणसं कुरकुरली. कुणी म्हणे, म्हाताऱ्याने धसका घेतलाय. कुणी म्हणे, बिनपूजेचं यंत्र बळी घेतं. हे दुसरं बोलणं आमच्या चाळीपर्यंत आलं आणि आईच्या मनात घर करून बसलं. तुम्ही कामाला निघालात की ती दारात उभी राहून तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायची. घरात हसणं कमी झालं होतं. तुम्हीही आल्याबरोबर आधी खाली वाकून चुलीजवळची जमीन हुंगायचात, आमच्याकडे गॅस नव्हता तरी. मला त्याचं हसू यायचं आणि भीतीही वाटायची.

खंडेनवमीला मशीनची पूजा, घरची माणसं नैवेद्य घेऊन मिलमध्ये जाणार. आदल्या दिवशी आईने हट्ट धरला. "वरीसमा एक दिन. मशीन बंद, मंग गॅस कोठेन येई?" तुम्ही एवढंच म्हणालात, "दिवा नही म्हंजे नही." पण तिचा हिशेब भट्टीच्या दिवसांचा. सण म्हणजे गॅस नाही. एकट्या तिचाच कशाला, मशीनवरच्या माणसांचाही तोच. मशीनचा कॉक बंद केला की झालं, या जुन्या सवयीने कुणीतरी सिलिंडरची चावी उघडीच ठेवली होती, आणि मधल्या नळीच्या सांध्यातून गॅस झिरपून मशीनखालच्या नालीत साचत होता. ते आम्हाला फार नंतर कळलं.

पूजेच्या दिवशी मी मिलच्या अंगणातल्या नळावर हात धुतेय. आई ताट घेऊन पुढे गेली आहे. मी दारात येते तर मशीन झेंडूच्या माळांनी सजलेलं, आणि त्याच्या पायाशी दिवा. आई डोळे मिटून उभी. इतक्यात तुम्ही नारळ घेऊन येता, दारातच थबकता, नाक आक्रसता. मशीनखालच्या नालीकडे तुमची नजर जाते. नारळ हातातून सुटतो.

"आंधयी व्हयनी का तू? निंघ बाहेर!"

आईला तुम्ही असं कधीच बोलला नव्हतात. दंडाला धरून तिला ओढलंत, दोघींना ढकलत अंगणात आलात. तिचं ताट फरशीवर आदळलं. मग तुम्ही वळलात आणि सिलिंडरच्या बाजूला आत गेलात. शेजारच्या रंगखात्यात माणसं पूजेला बसली होती. चावी तुम्ही बंद केलीत, हे तिथले लोक अजून सांगतात. पण त्याआधीच नालीतून निळा जाळ धावला. दवाखान्यात तुम्ही पुन्हा बोलला नाहीत.

चाळीने निकाल दिला की दिवा बंद केल्याचा कोप झाला. आईने ते मानलं नाही, आबा. काय घडलं ते तिला पुरतं समजलं आहे. आता ती खूप थकली आहे, माझ्याजवळच असते, आणि मध्येच विचारते, "त्या मनावर रागावून गयात का वं?" मी तिचा हात धरून सांगते, आबा तुझ्यावर रागावले नव्हते, तुला वाचवायला ओरडले. ती मान हलवते आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारते.

हे पत्र तिला वाचून दाखवणार नाही. तुम्हालाही कुठे धाडणार? रंगखात्यातली माणसं वाचली, ती बरी आहेत, त्यांच्या पोरांची लग्नं झाली. सगळं कळतं मला. तरी आईला जे सांगता येत नाही ते इथे लिहिते. राग तिच्यावर कुणाचाच नाही. राग माझा आहे, आणि तो तुमच्यावर आहे. अंगणात आमच्याबरोबर उभे होतात की तुम्ही. परत आत कशाला गेलात?