आईने हात आखडला तेव्हा

१२ ऑक्टोबर

प्रिय दादा,

पत्र सुरू करायचं आणि फाडायचं, असंच चाललं होतं. म्हणून इतके दिवस माझ्याकडून काही आलं नाही. रागावू नकोस. फोनवर तू बोलतोस आणि मी हो म्हणते. लिहिताना निदान माझं वाक्य पुरं होतं.

आईचा न्यूमोनिया बरा झाला, पण पूर्वीची आई काही परत आली नाही, हे तू हॉस्पिटलात पाहून गेलासच. हातात घास धरून ती झोपायची. उभी राहिली की धाप. तलावाच्या काठावरून ओरडून पोरांना पोहायला शिकवणारी ही बाई, पण तिचा आवाज खाटेपलीकडे जाईना. वय झालं, असं तू म्हणालास, वॉर्डातले म्हणाले, मलाही पटलं. वृद्धाश्रमातली खोली आपण दोघांनी मिळूनच ठरवली.

मग एका सकाळी रक्त घेणारा आला आणि आईने हात पांघरुणात ओढून घेतला. म्हणाली, "काय रे, रोज उठून धार काढतोस! गायीलासुद्धा आधी चारा घालतात." मी ओशाळले. शेजारच्या खाटेवरच्या आजींना हसून हसून ठसका लागला. डॉक्टरीणबाईही हसल्या, आणि मग त्यांनी आईची फाइल मागवली.

त्यांनी सगळे रिपोर्ट ओळीने लावले. आई दाखल झाली तेव्हाच हिमोग्लोबिन कमी, आणि नंतर उतरतच गेलेलं. थोडं आजारपणामुळे, थोडं अंगात मुळातच लोह नव्हतं म्हणून, आणि थोडं, त्या सरळ म्हणाल्या, आमच्या रोजच्या तपासण्यांमुळे. पोटात कुठे रक्तस्राव नाही ना, तेही पाहून घेतलं. नव्हता. नको त्या तपासण्या बंद झाल्या, उरलेल्यांसाठी कमी रक्त घेणाऱ्या, लहान मुलांच्या नळ्या आल्या, आणि सलाइनमधून लोह.

लगेच काही झालं नाही. मी उगाच आशा धरतेय का, असं स्वतःला विचारत बसायची. पण ओठांवर हळूहळू रंग चढला. पाठोपाठ कुरकुर आली, भाजीत मीठ नाही म्हणून. मग व्यायाम करून घेणाऱ्याला दम: "मला गुडघा वाकव म्हणतोस, आधी स्वतः ताठ उभा राहा!" अख्खा वॉर्ड दणाणला, दादा.

आज ती घरी आली. जिना स्वतः चढली. वळणावर थांबून माझ्यावरच डाफरली, हात सोड, मी काय चोर आहे? हे पत्र त्यासाठीच. त्या खोलीला दिलेला होकार मी परत घेते. तू भांडशील; खुशाल भांड. या वेळी मी ऐकणार नाही, आणि ती तर मुळीच नाही.

तुझीच,
धाकटी

उद्या: वृद्धाश्रमात फोन करून खोली नको म्हणून सांगणे.